वेचणीचा नंबर

फुलसावंगी,
१९ नोव्हेंबर

प्रिय दीपा,

मोबाईल हाताशी असताना पत्र कायले, असं तू म्हणशील. तुला फोन लावला की तुझा आवाज ऐकूनच माझं बोलणं अडतं. मेसेज अर्धा लिहून चारदा पुसला. म्हणून शेवटी कागद घेतला.

पेपरात तुझा फोटो आला तेव्हा माझ्या आईने तो कापून फ्रिजवर चिकटवला. मी बोर्डात आले तेव्हा माझा फोटोसुद्धा आला होता, पण तो कुठे चिकटला नाही. पाणी घ्यायला गेले की तू समोर. ‘कापूस वेचणाऱ्या बायकांना काम शोधून देणारा फोन नंबर’ असं खाली छापलेलं. पाचव्या दिवशी मी तो फोटो काढून रद्दीत टाकला आणि पंख्याने उडाला असेल, असं आईला सांगितलं. एवढ्यावरून माझी अवस्था काय होती ते तुला कळेल.

तुला आठवतं ना, ही गोष्ट सुरू कुठून झाली? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी दिवाळीहून यवतमाळच्या होस्टेलवर परत आले आणि तुला म्हटलं, आमचा अकरा एकर कापूस फुटून उभा आहे अन् वेचायला बाया मिळत नाहीत, यावर अ‍ॅप करू. तू लगेच हो म्हणालीस. मी आठ महिने खपून ते केलं. नकाशा, तीन भाषा, सरकणारी चित्रं, सगळं. तू मात्र एक जाड वही आणलीस आणि लोक कुठे वैतागतात तेवढंच तिच्यात लिहीत बसलीस. मी हसायचे. मनात म्हणायचे, हिला कोडिंग जमत नाही म्हणून हे नाटक.

मग तू तुझ्या आईच्या टोळीसोबत वेचायला जाऊ लागलीस. तुझ्या आई, कांताबाई, आमच्याच वावरात कापूस वेचून तुझ्या शिक्षणाचा खर्च करत होत्या, तेव्हा तुला यातलं काय माहीत नव्हतं? मी तसं विचारलंही. तू म्हणालीस, “मले माहीत हाये असं वाटते, प्रेरणा. पण दहा वर्षांत मी एक बोंड नाही वेचलं. म्हून विचारून पाह्यते.” सकाळी वावरात बायकांशी बोलायचीस, दुपारी फोन शेजारच्या घरी ठेवून दोन तास एकच काम करायचीस. शुक्रवारी मात्र आठवड्यात कोणाच्याच उपयोगी न पडलेलं सगळं खोडून टाकायचीस. माझा नकाशाही असाच एका शुक्रवारी गेला. त्या दिवशी मी जेवले नव्हते.

आपलं अ‍ॅप साठ शेतकऱ्यांनी घेतलं आणि तीन बायकांनी. त्यांतली एक माझी आई. कांताबाई हसून म्हणाल्या होत्या, “मोबाईल पोराजवळ राह्यते बाई. अन् वाचता कोनाले येते?” तेव्हाच तू म्हणालीस, अ‍ॅप बंद करू, एक साधा फोन नंबर गावोगाव देऊ, टोळीची बाई संध्याकाळी फोन करेल, आपण हातानेच जुळवून देऊ, आणि हाताने पुरेनासं झालं की मग मशीन बनवू. मला वाटलं, माझ्या आठ महिन्यांवर तू पाणी ओतलंस. मी बॅग भरली आणि पुण्याला नोकरी धरली. तू अडवलं नाहीस याचाही राग आला. खरं तर तू दोनदा स्टँडवर आली होतीस. मीच बसमधून खाली उतरले नाही.

मागच्या हंगामात रजा घेऊन घरी आले तर आमच्या वावरात बायकाच येईनात. आबांनी तुझ्या नंबरावर फोन लावला. पलीकडून उत्तर मिळालं, टोळ्यांनी नाही म्हटलं आहे, तुमच्या वावरात प्यायला पाणी नसतं आणि परतीची गाडी वेळेवर येत नाही. आबांनी फोन ठेवला. मी मात्र पेटले. काल आमच्या बांधावर उभी राहणारी पोरगी आज आमच्या आबांना नापास करते! हे असंच मनात आलं, दीपा, शब्दही हेच होते. लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

नंतर शांतपणे आठवलं. मी साठ शेतकऱ्यांना विचारलं होतं, बायकांपैकी एकीलाही नाही. त्यांना कोणाचं वावर नको आहे, हा प्रश्न मला सुचलाच नसता, कारण ते वावर आमचं होतं. बायका मिळत नाहीत, एवढीच माझी आयडिया. त्या का येत नाहीत, हे तुझं. आबांनी यंदा पाण्याची टाकी नेऊन ठेवली, ऑटो ठरवला, आणि बायका आल्या.

आता मुख्य गोष्ट. नव्या उद्योगांना पैसे देणाऱ्या नागपूरच्या त्या केंद्राने तुझी निवड थांबवली आहे. दीपाने आयडिया चोरली, अशी बिननावाची तक्रार त्यांच्याकडे गेली म्हणून. गेल्या सोमवारी तू मला फोन केलास, रडलीस, आणि म्हणालीस, “तू सुरुवातीपासून होती सोबत. तू सांगशील ना त्याईले?” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. दीपा, ती तक्रार मी पाठवली होती. आबांच्या त्या फोननंतर, तू तिथे अर्ज केल्याचं कळताच, नवीन ईमेल उघडून. आज सकाळी माझ्या खऱ्या नावाने मी केंद्राला सगळं लिहून कळवलं आहे, त्याची सही केलेली प्रत सोबत ठेवते. ते तुला फोन करून सांगतील, तक्रार कोणाची होती. त्यांच्याकडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे पत्र. हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या एसटीने यवतमाळला येऊन तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत तिथेच उभी राहीन. मग जा म्हणालीस तर जाईन.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला आहे, तरी तुझी,
प्रेरणा