हॉटेलात कोणी विचारत नाही

आबा,

परवा मी तुमच्या पणतीवर ओरडलो. तिला कामासाठी तीन महिने एकटीने परदेशात राहायचंय. माझ्या शेजारी बसून ती मोबाईलवर मला जागा दाखवत होती. एका खोलीचं अपार्टमेंट, त्यात छोटंसं स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन, खिडकीत कुंड्या. नाहीतर ऑफिसजवळचं हॉटेल. "आजोबा, तुम्ही राहून आलात ना बाहेर? मग सांगा, अपार्टमेंट घेऊ की हॉटेल?" एवढंच तिने विचारलं. आणि मी "हॉटेल!" म्हणून असा खेकसलो की सून पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. वर मी म्हणालो, "कुणा घरमालकाच्या दारात जायचंच कशाला?" पोरगी हिरमुसून उठून गेली. मग माझ्या ध्यानात आलं की हे माझं बोलणंच नव्हतं. हे तुमचं होतं. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली आणि माझ्या घरात अजून तुमचाच शब्द चालतो. त्याचा मला इतका संताप आला की आज वही घेऊन बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्हाला आलेली पत्रं ताईच वाचून दाखवायची, पण आता तीही नाही. तेव्हा हे कुठे धाडायचा प्रश्नच नाही, आणि म्हणून मी जरा मोकळेपणाने भांडणार आहे.

सुरतेजवळच्या उधन्याची ती दुपार आधी घेतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावाहून आणलेली पत्र्याची पेटी तुमच्या डोक्यावर, आईच्या कडेवर धाकटा, आणि आम्ही तिघं तुमच्यामागे रांगेने. त्या दिवशी सकाळपासून तीन घरमालकांनी आपल्याला परत पाठवलं होतं. प्रत्येक ठिकाणी सुरुवात गोड व्हायची. पाणी यायचं, कुठल्या मिलमध्ये कामाला आहेस म्हणून चौकशी व्हायची, मग सुपारी कातरता कातरता मालक विचारायचा, "तमे केवा?" गुजरातीत त्याचा अर्थ एकच, जात कोणती. तुम्ही खरं सांगायचात, बौद्ध म्हणून. मग तो विचारायचा, त्याच्या आधी कोण. तेही तुम्ही सांगायचात, आणि मग खोली कालच दिलेली निघायची. चौथ्या घराचा मालक झोपाळ्यावर बसला होता. आम्ही भावंडं अंगणात उभे, पायाखालची फरशी तापलेली, मी एक पाय उचलतोय, मग दुसरा. त्याने विचारलं, "तमे केवा?" आणि तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "अमे मराठा." आपलं आडनाव मराठ्यांत आणि आपल्यात, दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आईने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. खोली मिळाली.

आईने पेटीतून बुद्धाची तसबीर बाहेर काढलीच नाही. गोधड्यांच्या खाली ती तशीच राहिली, आणि भिंतीवर बाजारातून आणलेला गणपती लागला. आम्हा पोरांना तुम्ही रांगेत बसवून शिकवलंत की इथे कोणी विचारलं तर काय सांगायचं. पण शाळेत नाव घालताना तुम्ही कागदावर खरी जात लिहायला लावलीत, कारण त्याच्याशिवाय पुस्तकं आणि पाटी फुकट मिळत नव्हती. म्हणजे घरी एक उत्तर, शाळेत दुसरं. आबा, आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे दोन खण वेगवेगळे राहतील असं तुम्हाला वाटलंच कसं? मोठमोठ्या माणसांना जमत नाही ते.

वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षी पुस्तकवाटपाच्या दिवशी गुरुजींनी हाक दिली, हरिजनांची मुलं उभी राहा. मी उभा राहिलो. शाळेतलं उत्तर तेच होतं ना! मला तर अभिमानच वाटला, नवीकोरी पुस्तकं मिळणार म्हणून. आपल्या शेजारच्या खोलीतल्या पाटलांची मुलगी माझ्या मागच्याच बाकावर होती. संध्याकाळपर्यंत बातमी झोपाळ्यापर्यंत पोचली. आपलं सामान गटारापलीकडे ठेवलेलं होतं, आणि मालकीण उंबऱ्यावर पाणी ओतत होती. मालकाला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. माझ्याकडे वळलात आणि कानाखाली अशी दिलीत की हातातली पुस्तकं गटारात पडली. "घरमा काय सांगेल व्हतं तुले? उभा कसाले ऱ्हायना?" आई मध्ये पडली, म्हणाली, "त्याले कसाले मारतस? तुम्हीच शिकाडं ना त्याले?" तुम्ही तिलाही गप्प केलंत. तिथून आपण लिंबायतला आलो, आपल्याच माणसांत, पत्र्याच्या झोपडीत. तसबीर भिंतीवर लागली. पण त्या थपडेबद्दल तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत. एकदाही नाही. ज्याला मारायला हवं होतं तो माणूस समोर झोपाळ्यावर बसला होता, आणि मार मी खाल्ला, हे मी अजून विसरलेलो नाही.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी मिलमध्ये फिटर होतो आणि शेटने परदेशातून नवे माग घ्यायचं ठरवलं. ते लावायचं, दुरुस्त करायचं शिकायला एक माणूस आठ महिने इंग्लंडला पाठवायचा होता. शेटने मला निवडलं. मॅनेजरने दोन पर्याय ठेवले. हॉटेलात राहिलास तर बिल कंपनी परस्पर भरेल, नाहीतर भत्ता घे आणि तुझा तू फ्लॅट बघ. मिलमधले सगळे म्हणाले, फ्लॅटच घे, तिथे आफ्रिकेहून आलेले आपले सुरती लोक आहेत, ते जागा देतील, चूल असेल, रोटला-भाजी करून खाशील. माझाही विचार पक्का होता. माझी स्वतःची किल्ली, स्वतःचा गॅस, आणि आत मी एकटा. नऊ माणसांच्या घरात वाढलेल्याला याहून मोठं सुख कुठलं?

तुम्ही ऐकलं आणि ताट बाजूला सारलंत. "फ्लॅट नही. हॉटेलमाच ऱ्हावानं." मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "हॉटेलमा कोनी जात इचारत नही. पैसा देवाना, किल्ली लेवानी, दार लाई लेवानं." तुम्ही हॉटेल पाहिलं होतं कुठे? तर सुरत स्टेशनसमोरच्या लॉजात, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना कापडाचे नमुने पोचवायला जायचात तेव्हा. काउंटरपाशी गठ्ठा घेऊन उभं राहून तुम्ही पाहिलं होतं की माणूस येतो, वहीत सही करतो, आणि खिळ्यावरची किल्ली त्याच्या हातात पडते. त्याला कोणी काही विचारत नाही. वर्षानुवर्षं तुम्ही ते पाहत आला होतात आणि तुमच्या मनात त्याचा स्वर्ग झाला होता. मी म्हणालो, "आबा, ती विलायत आहे. तिथे ही भानगड नाही." तुम्ही म्हणालात, "घरमालक सगळीकडे घरमालकच ऱ्हास." आणि माझा हात तुमच्या डोक्यावर ठेवून माझ्याकडून वचन घेतलंत. सव्वीस वर्षांच्या, मिलमधल्या दहा माणसांना हुकूम सोडणाऱ्या मुलाकडून! मी वचन दिलं. त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका त्या थपडेनेही आला नव्हता.

हॉटेल स्टेशनमागे होतं. जमिनीवर कुबट वासाचा गालिचा, न उघडणारी खिडकी, आणि दारामागे खोलीत स्वयंपाक करू नये अशी पाटी. सकाळी अंडं आणि गोडसर घेवड्याच्या बिया, संध्याकाळी पाव. तुमचं खरं होतं, कोणी काही विचारलं नाही. कुठला आहेस, जेवलास का, थंडी सोसते का, काहीच नाही. मी खोलीच्या नंबराने ओळखला जात होतो. पाचव्या आठवड्यात एका रविवारी मी आरशासमोर उभा राहून आपल्या बोलीत स्वतःशीच बोललो, कारण ती कानावर पडून महिना झाला होता. त्याच दुपारी मी फ्लॅट बघायला गेलो.

हे तुम्हाला ठाऊक नाही. एका किराणा दुकानाच्या वर खोली आणि स्वयंपाकघर होतं. मालकीण साठीची, सुरतेकडची, आफ्रिकेत जन्म काढून आलेली. मी उधन्याचा म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. "बेस, दीकरा, जमीने जजे," म्हणाली आणि जेवल्याशिवाय उठू नकोस म्हणून हाताला धरून बसवलं. बाजरीचा रोटला, कढी, लसणाची चटणी. महिनाभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवत होतो. आणि दुसऱ्यांदा कढी वाढताना, अगदी मायेने, तिने विचारलं, "तमे केवा?"

मी म्हणालो, "अमे मराठा."

थांबलो नाही, चाचरलो नाही. तुमच्याच आवाजात म्हणालो. किल्ली माझ्यापुढे आली. सात महिने मी तिथे राहिलो, आबा. तिने माझ्या तापात पायाला तेल चोळलं, मी तिचं शिवणयंत्र दुरुस्त करून दिलं. घरी पत्ता हॉटेलचाच ठेवला होता, काउंटरवर सांगून ठेवलं होतं, आणि ताईच्या हातची तुमची पत्रं दर शनिवारी तिथून आणायचो. पुढे एकदा शेजारची खोली रिकामी झाली आणि माझ्याच वयाचा एक गुजराती बस कंडक्टर ती बघायला आला. मी तिच्या टेबलाशी जेवत होतो. तिने त्यालाही विचारलं. त्याने आपली जात सांगितली, तशीच, एका शब्दात, तिच्या डोळ्यांत बघून. ती म्हणाली, "रूम तो भराई गयो, भाई." तो हसला, टोपी घातली, जिना उतरून गेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तारा जेवो सारो छोकरो नसीबथी मळे." आणि नशिबाने मिळालेल्या त्या चांगल्या मुलाने, म्हणजे मी, मान हलवली. मी जेवत राहिलो. तुमच्यामागे त्या अंगणात चार पोरं भाजत होती, माझ्यामागे कोणी नव्हतं. तरी मी गप्प राहिलो, कारण मला पुन्हा त्या पावाकडे जायचं नव्हतं. त्या दिवशी जिना उतरून गेलेला तो माणूस मी व्हायला हवा होतो, आणि मला दुसरं काही व्हायला तुम्ही शिकवलं होतं. सव्विसाव्या वर्षी मला माझी अक्कल नव्हती का? होती. म्हणूनच राग आणखी येतो, कारण तो सगळाच्या सगळा तुमच्यावर टाकता येत नाही.

परत आलो तेव्हा तुम्ही सुरत स्टेशनवर हार घेऊन उभे होतात. मी गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत तुम्ही विचारलंत, "हॉटेलमाच ऱ्हायना ना?" मी हो म्हणालो. मग तुम्ही जे सुरू केलंत! चहाच्या टपरीवर, लग्नात, मयताला, विहारात, जिथे तिथे आपल्या मुलाचं कौतुक. "हाऊ मना आंडोर. आठ महिना हॉटेलमा ऱ्हायना. एक बी मानूसनी इचारं नही." मला चीड यायची. कितीदा वाटलं, चारचौघांत ओरडून सांगावं की आबा, विचारलं, आणि मी काय सांगितलं तेही ऐका. तुम्हाला तिथेच, त्या टपरीवर, तोंडघशी पाडायची माझी फार इच्छा होती.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मामाचा मुलगा नोकरीला आखातात निघाला होता. पाया पडायला आला. तुमचा श्वास पुरत नव्हता, तरी त्याचा हात धरून म्हणालात, "हॉटेलमाच ऱ्हाय." मग माझ्याकडे बोट केलंत, "इचार त्याले." तो माझ्याकडे बघायला लागला. तुम्हीही. आता सांगावं, असं मनात आलं. यानंतर वेळ मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. तुम्ही उशीवरून मान उचललीत आणि मलाच विचारलंत, "एक बी नही ना रे?"

"एक बी नही, आबा," मी म्हणालो.

तुम्ही मान खाली टेकवलीत आणि हसलात. मी तुम्हाला इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्या उत्तराची मला लाज वाटत नाही. आज विचारलंत तरी मी तेच सांगेन.