पहिला गव्हला

खलिफा सिटी, अबू धाबी
दि. ५ जानेवारी

ती. सौ. नर्मदा जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हा कागद. निनाद याचा फोटो काढून तुमच्या रंजिताच्या मोबाइलवर धाडील.

मी लेकाकडे खुशाल आहे. परवा निनाद आणि सूनबाई मैथिलीने मला इथल्या एका जुन्या इटालियन हॉटेलात नेलं. भात मागवला तर तो कच्चा, वर चीजचा चिखल. मी वाढप्याला म्हटलं, अजून दोन शिट्ट्या होऊ द्या, तर मैथिलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. हा भात म्हणे दाताखाली लागायलाच हवा. किंमत पंच्याऐंशी दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये. पाव तेवढा छान होता. टोमॅटोचं सारही आपल्यासारखंच, फक्त फोडणी विसरलेलं.

रंजिताच्या लग्नाची तयारी कुठवर आली? पंचवीस तारखेला गव्हल्यांचा मुहूर्त ना? तीस वर्षं या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या खिरीचे, तांदळाएवढे गव्हले मी वळले. यंदा तुम्ही म्हणालात, छाया, तू निनादकडे जा, विश्रांती घे. विश्रांती कशापासून, ते मला कळलं. ह्यांना जाऊन वर्ष झालं, पण माझे हात जागेवर आहेत. राग आलाय जाऊबाई, आणि तो मी लपवत नाही.

रागातसुद्धा तुमचीच,
छाया

सांगली
दि. ८ जानेवारी

गं. भा. छायास,
अनेक आशीर्वाद.

शिट्ट्यांचं वाचून रंजिताला हसता हसता ठसका लागला. दोन हजारांचा भात टाकला तर नाहीस ना? तुझा स्वभाव माहीत आहे, वरचं चीज निपटून डब्यात भरून आणला असशील.

तुझा राग खरा आहे. पण ह्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, पहिला गव्हला सवाष्णींनीच वळायचा. पोरीच्या संसाराचं नाव काढल्यावर मी मान डोलावून मोकळी झाले. मी भित्री आहे, हे तू या घरात आलीस त्या दिवसापासून तुला ठाऊक आहे. मुहूर्त झाल्यावर तू ये आणि मागच्या खोलीत बसून हवे तेवढे वळ, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तेवढ्यावर भागव.

शेजारच्या आशाने नमुन्याला चार वळून दाखवले. हरभऱ्याएवढे झाले.

जिवाला लावून घेऊ नकोस.
नर्मदा

खलिफा सिटी, अबू धाबी
दि. १६ जानेवारी

ती. सौ. जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

काल मैथिलीचा वाढदिवस, म्हणून पुन्हा तेच हॉटेल. मी घरून खिचडी खाऊनच निघाले होते. या खेपेला खिडकीशी काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती. मालकाची आई. पुढ्यात लाकडी फळी, फळीवर रव्याची घट्ट कणीक. चिमूट तोडायची, अंगठ्याने दाबायची आणि बाजूला टाकायची. जाऊबाई, ते आपले नखुलेच होते.

मग मी कसली बसते. हात धुतले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. निनाद आई, आई करत मागे धावला. म्हातारीने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्टूल सरकवलं. मी गव्हले वळायला घेतले. पहिले चार-पाच जाड आले, पुढे बोटांना आपोआप आठवलं. तिने चष्मा चढवला आणि आतून स्वयंपाक्यांना बोलावलं. भटारखान्यातली सगळी माणसं फळीभोवती जमली.

मैथिलीने मालकामार्फत चौकशी केली. म्हातारीचा नवरा जाऊन बावीस वर्षं झालीत. नातीच्या लग्नाची पहिली कणीक हिनेच मळली होती. ती कशी काय, असं मी विचारलं, तर बाईला प्रश्नच कळेना. घरात सगळ्यांत चांगला हात तिचा, मग दुसरं कोण मळणार, असं तिने उलट मलाच विचारलं.

माझे गव्हले त्यांनी भाज्यांच्या कढणात शिजवून वाढले. शेजारच्या टेबलावरच्या अरब कुटुंबाने दुसऱ्यांदा मागवले. म्हातारीने दारातल्या फळ्यावर त्या दिवसाच्या पदार्थांत खडूने माझं नाव लिहायला लावलं. निनादची लेक शुभ्रा इंग्रजीतून सगळ्यांना सांगत होती की ही माझी आजी आहे. फोटो सोबत आहे.

आता माझं ऐका. मागच्या खोलीत मी बसणार नाही. चोवीसला सांगलीत पोचते. वळीन तर पाटावर बसून, पहिल्या गव्हल्यापासून. नाहीतर अक्षता टाकीन आणि पाहुणीसारखी जेवून जाईन. ठरवायचं तुम्ही.

आपली धाकटी जाऊ,
छाया

सांगली
दि. १९ जानेवारी

चि. छायास,
पोटभर आशीर्वाद.

वर नेहमीचं गं. भा. लिहायला गेले आणि हात थांबवला. यापुढे लिहिणार नाही.

तुझं पत्र आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. किती मोठ्याने, ते मला कळलं नाही, पण आशा तिच्या घरून धावत आली. म्हातारीचा प्रश्न मी दोनदा वाचला. आत्याबाई म्हणाल्या, पोरीचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. मी तिची आई आहे आणि या घरात सगळ्यांत चांगला हात छायाचा आहे. भित्री असले, तरी बोलले. त्यानंतर त्या बरंच काही म्हणाल्या असणार, कारण तोंड हलताना दिसत होतं. मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा जन्मात पहिल्यांदाच उपयोग झाला.

आशाचे हरभरे मी आमटीत घातले. रंजिताने तुझा फळ्यावरचा फोटो देवघराशेजारी चिकटवलाय. रवा आणून ठेवलाय, तो तूच भिजव. पाटावर बसण्याआधी कुंकू मी लावणार आहे, तेव्हा कपाळ मागे घेऊ नकोस.

पंचवीसला सकाळी आठचा मुहूर्त आहे. तुझं विमान लांबलं तर मुहूर्त लांबेल.

तुझी वाट पाहणारी,
नर्मदा