खारीच्या हिराबाईचा जामीन

१० एप्रिल ९०, मंगळवार

दिन्याला पोलिसांनी नेलं. टँकरच्या रांगेत भांडण. ड्रायव्हर म्हणे आमच्या बिल्डिंगला शेवटी पाणी देणार. माझ्या भावाच्या अंगात आलं, हंडा उचलून घातला त्याच्या डोक्यात. हंडा माझा, तांब्याचा, आईने दिलेला. पोलिसांनी तोही नेला.

चौकीत गेले तर बाकावर बसून माझ्याकडे बघून हसतोय. "ताई, घाबरू नकोस." गाढव. आई गेल्यापासून माझ्याकडे राहतोय, एक नोकरी धड टिकली नाही, आणि धीर मला देतोय.

हे ऑफिसातून आले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आज पाणी मिळालंच नाही?"

१२ एप्रिल, गुरुवार

ठाण्याला कोर्टात. ड्रायव्हरला टाके पडलेत. मॅजिस्ट्रेटने जामीन दिला, वर मान न करता. अट एकच, जामीनदार हवा, आणि तो स्थानिक. वकील म्हणाले, "पगाराची स्लिप आणि रेशनकार्ड घेऊन घरचा माणूस उभा करा, पोरगा त्याच दिवशी बाहेर." तोपर्यंत ठाण्याच्या जेलमध्ये.

मला वाटलं, सुटलो. नोकरदार माणूस घरात आहेच की एक.

तो एक माणूस जेवताना म्हणाला, "माझी सर्व्हिस आहे. साहेबांच्या कानावर गेलं तर? आणि उद्या हा तारखेला आलाच नाही, तर कोर्ट मला धरणार." वर लोणचं मागितलं.

दिलं नाही. उद्या गुड फ्रायडे, परवा जयंती, मग रविवार. कोर्ट बंद. दिन्या आत.

१५ एप्रिल, रविवार

बोलणं बंद आहे. टँकरवर जाणंही बंद केलंय मी. ह्यांना काल आंघोळ नाही, आज दाढीला पाणी नाही. दुपारी स्वतः बादली घेऊन खाली गेले, अर्धी घेऊन वर आले, अर्धी जिन्यात सांडली. मग म्हणाले, "बरं, करतो सही."

दया वगैरे काही नाही. मान खाजत होती.

१६ एप्रिल, सोमवार

आज ह्यांना घेऊन परत कोर्टात.

कोर्टातल्या कारकुनाने रेशनकार्ड उघडलं. "राहता कुठे?" "भाईंदरला." "कार्ड तर लालबागचं आहे. मग तुम्ही इथले कसे?"

आता सांगा की! चाळीतली तळमजल्याची ती अंधारी खोली. तिथलं नाव कमी केलं तर मोठे भाऊजी खोली गिळतील, म्हणून इतकी वर्षं ह्यांनी कार्ड बदललं नाही. साखरसुद्धा तिथून आणतात. दर दिवाळीला मी डोकं फोडलं, कार्ड इकडे करून घ्या. "तुला व्यवहार कळत नाही." कळला व्यवहार? कारकुनाने पेनाला टोपण लावलं. संपलं.

येताना एस.टी.त हे खिडकीबाहेर बघत होते. मी बोलत होते. घोडबंदर येईपर्यंत बोलत होते. कंडक्टरसुद्धा आमच्या सीटपाशी यायचं टाळत होता.

१७ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून बिल्डिंगचे जिने झिजवले. परब: कार्ड परळचं. वरच्या वैद्यबाई: गिरगावचं, "अहो, सासऱ्यांची जागा आहे ना." शहाभाईंनी तर चहा पाजला, दिन्याची तोंड भरून स्तुती केली, आणि म्हणाले, "बेन, मैं आज के आज आता, लेकिन कार्ड तो अपना भुलेश्वर का है." सगळे दिन्याच्याच जिवावर पाणी भरत होते, तोच पाइप धरायचा सगळ्यांसाठी. अख्ख्या बिल्डिंगमध्ये भाईंदरचा माणूस एक नाही. सगळे इथे फक्त झोपायला येतात.

वकील म्हणतात, कोर्टाबाहेर झाडाखाली भाड्याचे जामीनदार मिळतात, कार्डासकट. कार्ड खोटं. हे लगेच तयार! मी नाही म्हटलं. पकडलं गेलं तर दिन्यावर आणखी एक केस. "मग शोधा खरा," वकील म्हणाले आणि पुढच्या अशिलाकडे वळले.

१८ एप्रिल, बुधवार

इथल्या खारी गावच्या हिराबाईकडे गेले. आमच्या जिन्यात म्हावरं घेऊन बसायची ती. तिला तिथून उठवायची तक्रार सोसायटीकडे करणारी मीच. वास येतो, हे मी आजही म्हणेन. पण तिच्या नावावर जमीन आहे, सातबारा आहे, कार्ड गावचं आहे.

ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"त्या टँकरवाल्याचे डोक्यान हंडा घातला, तो तुजा भाव?"

"हो."

"बरा केला. माजी बाव आटवली त्यानी. रोज पंप लावतंय, गालच राहिलाय खाली." घरामागची विहीर दाखवली. खरंच, तळाला नुसता चिखल. "मी र्‍हातंय जामीन."

मी हात जोडले तर म्हणाली, "तुजेसाठी न्हाय."

नसू दे.

१९ एप्रिल, गुरुवार

हिराबाईने कोर्टात अंगठा दिला. कारकुनाने तिला दोनदा समजावलं, आरोपी तारखेला आला नाही तर तुझ्या जमिनीवर टाच येईल. "जाईल कुठं? मी हाय ना," म्हणाली. दिन्या बाहेर आला, तिच्या पाया पडला. तिने पाय मागे घेतला.

घरी आला, खूप जेवला. मी खूप बोलले. मग मला रडू आलं. मेल्याचा चेहरा एवढासा झालाय.

३० एप्रिल, सोमवार

पहिली तारीख. दिन्या गेला. हिराबाई कोर्टाच्या पायरीवर आधीच बसलेली. पुढची तारीख १४ मे.

१४ मे, सोमवार

दिन्या सकाळी माझ्याआधी निघाला. "ताई, तू ये मागून." कोर्टात पोहोचलेच नाहीत महाराज. नाव पुकारलं. परत पुकारलं. हिराबाई एकटी उभी राहिली. त्याच्या नावाने वॉरंट निघालं. तिला सांगितलं, २८ तारखेला आरोपी हजर कर, नाहीतर जमीन.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कुठं हाय?"

"मला माहीत नाही." खरंच माहीत नाही.

२४ मे, गुरुवार

खिळ्यावर लालबागच्या खोलीची किल्ली नाही.

ह्यांना विचारलं. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "मीच दिली. तिकडे राहील गुपचूप. खोलीत आपलं माणूस राहिलेलं बरं, मोठ्या दादाला शिरता येणार नाही."

"आणि हिराबाईची जमीन?"

"तिला कुणी सांगितलं होतं पुढे पुढे करायला?"

ह्या माणसाबरोबर मी संसार करतेय. सही करायला शेपूट घातली, किल्ली द्यायला हात लांब.

२५ मे, शुक्रवार

हिराबाई दारात येऊन बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. बराच वेळ बसून उठून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

हे म्हणतात, "आता त्याला कोर्टात नेलंस तर सरळ आत टाकतील. भाऊ तुझा आहे." ह्या माणसाचं एवढंच बोलणं खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

२७ मे, रविवार

गेले. हिराबाईला बरोबर घेऊन लालबागला गेले.

दिन्याने दार उघडलं, तिला बघून पांढराफटक पडला. "ताई, तू हिला इथे आणलंस?" मी म्हटलं, आणलं. आतल्यासारखा मार पुन्हा खाणार नाही म्हणाला. शर्ट वर करून पाठ दाखवली. महिना झाला तरी वळ आहेत. मला कधी दाखवले नव्हते. शेवटी म्हणाला, "सकाळी येतो कोर्टात. आईशप्पथ."

हिराबाईने उंबऱ्यावर पदर पसरला. "सकाळपातुर मी इथंच हाय." आडवी झाली, दाराला पाठ लावून. मी थांबते म्हटलं तर म्हणाली, तू जा.

घरी आले. ह्यांचा पहिला प्रश्न, "त्या बाईने खोलीत बस्तान मांडलं तर?"

उद्या लवकर निघायचंय. डबा दोघांचा करायचा की एकट्या हिराबाईचा, ठरत नाहीये.

त्या खोलीला मागे खिडकी आहे. गज कधीच गंजून पडलेत. दिन्याला माहीत आहे. हिराबाईला सांगायचं राहिलं.

राहिलं नाही. मी सांगितलं नाही.