पंचवीस पौंड गॅस

५ जानेवारी
नवी वही काढली. चार दिवस उशीर झाला, पण पहिले चार दिवस थंडी होती आणि थंडीत माझा हात चालत नाही. हीटर चालू होता म्हणा. पण तरी.

या वर्षीचा निश्चय: कशालाही घाबरायचं नाही. मी मुळात घाबरट नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.

आजची बातमी. माझा मुलगा कर्टिस, सूनबाई कायला आणि बाळ हॅटी बारा तारखेला बिस्मार्कहून इथे वाळवंटात येणार, माझ्या चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये, तीन रात्री राहणार. हॅटी चार महिन्यांची आहे. मी तिला फक्त फोनवर पाहिलंय, तेही अर्धं, कारण कर्टिस फोन नेहमी तिच्या कपाळावर धरतो. कपाळ आमच्याकडचं आहे.

कायलाची एकच अट. हीटर एक तासही बंद पडता कामा नये. पडला तर बाळाला घेऊन ते दुसरीकडे झोपायला जाणार. नोव्हेंबरात माझा गॅस संपला होता ते कर्टिसने तिला सांगितलेलं दिसतं. संपला नव्हता. कमी झाला होता. शून्यापर्यंत.

कायला जरा घाबरट आहे. शहरात वाढली, तिचा काय दोष.

६ जानेवारी, सकाळ
गॅसच्या टाक्या बघायचं काम माझ्या नवऱ्याचं, ओडेलचं होतं. बावीस वर्षं त्यानेच बघितल्या. ट्रेलरच्या नाकाशी एका प्लास्टिकच्या टोपाखाली दोन टाक्या, तीस-तीस पौंडी. दोन्हींचे कॉक उघडे ठेवायचे. एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते, आपल्याला कळतसुद्धा नाही. मागच्या मार्चमध्ये ओडेल गेला तोही असाच, खुर्चीत बसल्या बसल्या, कळलंसुद्धा नाही. पण ते असो.

आज टोप उचलला आणि परत ठेवला. पलीकडच्या टाकीला काळी कोळीण आहे, विषारी कोळ्याची मादी, जाळं विणून बसलेली. चांगली मण्याएवढी, पोटाखाली लाल ठिपका. चावली तर माणूस चार दिवस तळमळतो. मी घाबरले नाही. पण ती तिथे आधीपासून राहते, आणि कुणाचा संसार मोडायचा माझा स्वभाव नाही.

तेव्हा ठरवलं: दाराकडची टाकी तेवढी तपासायची. दोन्ही एकाच दिवशी भरून आणल्या होत्या. एकीत जेवढं, तेवढंच दुसरीत.

६ जानेवारी, दुपार
ओडेलची रीत करून पाहिली. किटलीभर गरम पाणी टाकीवर ओतायचं आणि तळहात वरून खाली फिरवायचा. वरती कोमट लागतं, मग एका जागी एकदम गार. गार लागलं की समजायचं, इथवर गॅस आहे.

वरपासून खालपर्यंत कोमट लागली. पाणी जास्त गरम झालं असणार.

७ जानेवारी
पाणी कमी तापवून केलं. खालपर्यंत कोमटच. ही रीत जुन्या काळची. तेव्हाच्या टाक्या वेगळ्या होत्या.

शेजारचा गॉर्डन बघत उभा होता. कॅनडाचा आहे, जन्मभर पूल तपासायची नोकरी केली, आता तपासायला पूल नाहीत म्हणून माणसं तपासतो. त्याने आपल्या टाक्यांखाली लोहचुंबकाच्या चकत्या बसवल्यात, त्या आतलं मोजतात आणि त्याच्या फोनवर आकडा येतो. मला म्हणाला, तुमची टाकी मुकी आहे व्हर्लीन, माझी बोलते. मी म्हटलं, तुमच्याशी बोलायला अजून कुणीतरी तयार आहे हे ऐकून बरं वाटलं. हसला. मग मी त्याला भोपळ्याचा ‘पाय’ दिला, कणकेच्या पारीत भाजलेला गोड. दोन तुकडे खाल्ले त्याने, आणि तिसरा मोजला.

८ जानेवारी
हे आधी कसं सुचलं नाही? टाकी तोलायची. न्हाणीतला वजनकाटा आहेच. माझ्या बाबतीत तो काटा पक्का खोटारडा आहे, पण टाकीशी त्याचं वैर असायचं कारण नाही.

टाकी सोडवायची म्हणजे कॉक बंद करून नळी फिरवायची. त्या वेळी फुस्स होतं. त्या फुस्सला ओडेलसुद्धा तोंड फिरवायचा. मी दोन स्वेटर घातले, डोक्याला टॉवेल गुंडाळला, स्तोत्र म्हटलं आणि नळी फिरवली. फुस्स झालं नाही. अजिबात नाही. म्हणजे हात बसला माझा पहिल्याच दिवशी. ओडेलला बावीस वर्षांत नाही जमलं.

काटा: पंचवीस पौंड.

तीसची टाकी, पंचवीस शिल्लक. पाच गेले. माझी शाळा आठवीत सुटली, पण वजाबाकी सातवीतच झाली होती.

९ जानेवारी
परत तोलली. पंचवीस. रात्रभर हीटर, सकाळी लापशी, दुपारी पाव भाजला, फ्रीजही गॅसवरच, आणि काटा हललासुद्धा नाही. काटकसर म्हणतात ती ही. मी काड्याही जपून वापरते.

संध्याकाळी शेकोटीभोवती सगळे जमले होते तेव्हा सांगितलं. लोक ऐकत राहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या, इतकं त्यांना पटलं. गॉर्डनने तेवढं विचारलं, दोन टाक्यांच्या मधे ती बारकी खिडकी आहे ना, ती हिरवी दिसते की लाल. मी म्हटलं लाल, उन्हाने. या उन्हात सगळंच लाल होतं. तुमचं नाक बघा.

तो नाक चोळत बसला. मग म्हणाला, उद्या मी गावात टाक्या भरायला चाललोय, तुमच्याही पिकअपमध्ये टाकू का? मी म्हटलं, भरलेल्या टाक्या भरायला नेणं हे पूल तपासणाऱ्यालाच सुचावं.

१० जानेवारी
गॉर्डन एकटाच गेला. स्वतःची एकच टाकी नेली. म्हणाला, दुसरीत अजून दोन दिवसांचा आहे, फोन सांगतो. फोनने सांगितलं तर हा जेवेलसुद्धा.

मी टाक्या भरायच्या ठिकाणाला घाबरते असं कुणी म्हणेल. तसं नाही. तिथला माणूस एक बारका स्क्रू सैल करतो, मग आतून पांढरी वाफ येते, शिट्टी वाजते, सडक्या अंड्याचा वास येतो. तो माणूस एकीकडे च्युइंगम चघळत असतो. आणि मग ती भरलेली टाकी मागच्या सीटवर, पाहुणीसारखी पट्टा बांधून, चौदा मैल. एकेका खड्ड्याला मी आरशात तिच्याकडे बघते. मागच्या खेपेला मी चौदाही मैल जवळजवळ श्वास न घेता गाडी चालवली. याला भीती म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

काटा: पंचवीस.

११ जानेवारी
उद्या येणार. हॅटीची टोपी विणून झाली. डोकं केवढं ते माहीत नव्हतं, कपाळावरून अंदाज घेतला.

टाकी सकाळी तोलली. जेवणाआधी तोलली. जेवणानंतर तोलली. आत्ता परत. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस.

एकदा वाटलं, पलीकडचीही बघावी. टोप उचलला. कोळीण घरीच होती. टोप ठेवला.

१२ जानेवारी, दुपार
आले. हॅटी माझ्या मांडीवर आहे आणि मी डाव्या हाताने लिहितेय. पूर्ण चेहरा आहे तिला. गाल, हनुवटी, सगळं. टोपी गळ्यापर्यंत येते, पण मुलं वाढतात.

कायलाने आल्या आल्या हीटरपुढे हात धरला. मग मला विचारलं, गॅस किती आहे. मी काटा दाखवला, आकडा सांगितला. ती म्हणाली, बरं झालं आई, मला वाटेत फार धास्ती होती. बिचारी. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, घाबरायचं नसतं, तोलायचं असतं.

ओव्हनमध्ये खिमा-बटाटा लावलाय. कर्टिसला लहानपणापासून आवडतो.

१२ जानेवारी, संध्याकाळ, गॉर्डनच्या ट्रेलरमध्ये
लिहायचं नव्हतं. पण इथे दुसरं करायला काही नाही, सगळं जागच्या जागी आहे.

साडेपाचला ओव्हन विझला. बटाटे कच्चे. मी म्हटलं, ओव्हन जुना आहे. मग हीटरमधून गार वारा यायला लागला. मी म्हटलं, हीटरही जुना आहे. मग फ्रीजचा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा कर्टिस उठला आणि बाहेर गेला. मी मागे गेले. तोवर गॉर्डनही टॉर्च घेऊन आला होता, त्याला वास लागतो अशा गोष्टींचा.

कर्टिसने दाराकडची टाकी एका हाताने उचलून हलवली. "आई, ही रिकामी आहे."

मी म्हटलं, पंचवीस पौंड आहेत. आज सकाळी तोलली.

"पंचवीस पौंड लोखंड आहे, आई."

गॉर्डनने टाकीच्या गळ्यावर टॉर्च धरला. तिथे टाकीचं रिकामं वजन ठोकलेलं होतं. पंचवीस. मी ते कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, कारखान्यातला नंबर असेल. ही टाकी कधीच संपली होती, मी पाणी ओतलं त्याच्याही आधी. म्हणून नळीला फुस्स झालं नाही. म्हणून काटा हलला नाही. तेव्हापासून सगळा गॅस पलीकडच्या टाकीतून जात होता, आणि लाल खिडकी तेच सांगत होती. आज तीही संपली.

मी गॉर्डनला म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, अंदाज होता. सांगायचं होतं, पण तुमच्यापुढे सांगायचं धाडस झालं नाही. पूल तपासताना इतकी भीती कधी वाटली नाही म्हणे.

गॅस भरायचं दुकान पाचलाच बंद होतं. गावात रत्नांच्या खड्यांचा बाजार भरलाय, मोटेलात एक खोली नाही. गॉर्डनच्या दोन टाक्यांपैकी एक आजच संपली, दुसरी भरलेली, तीच त्याला लागते. तो म्हणाला, माझ्याकडे ऊब आहे, चला सगळे. हॅटीला घोंगडीत गुंडाळून कायला पुढे निघाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अट म्हणजे अट, आई." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते.

बटाटे त्याच्या ओव्हनमध्ये शिजले. चांगले झाले. तेही लागलं मनाला.

१३ जानेवारी
सकाळी कायला टाक्या काढायला गेली. मी लांबूनच सांगितलं, पलीकडे कोळीण आहे, सांभाळ. ती म्हणाली हो का. माझं उलथनं मागितलं, कोळिणीला त्यावर घेतलं आणि पन्नास पावलं चालत नेऊन झुडपात सोडून आली. हात धुतले. मग गॉर्डनच्या पिकअपमध्ये दोन्ही टाक्या टाकून दोघं गावात गेली, तासाभरात परत. मी विचारलं, शिट्टी वाजली का. वाजली म्हणे.

उलथनं टाकून दिलं.

दुपारी हॅटी हसली. जन्मातलं पहिलं खळखळून हसणं. मी टोपी घातली, काढली, मांजराचा आवाज काढला, चमचा वाजवला, नाच केला. हसली ती गॉर्डनला शिंक आली तेव्हा. नंतर तो मुद्दाम शिंकत बसला.

आता माझा ट्रेलर भट्टीसारखा गरम आहे. तरी रात्री झोपायला हॅटी गॉर्डनकडेच गेली. तिची झोप तिथे बसलीय म्हणे.

१५ जानेवारी
गेले. जाताना कायलाने माझ्या टाक्यांखालीही चकत्या बसवल्या. आकडा माझ्या फोनवर येत नाही, माझा फोन जुना. तिच्या फोनवर जातो. गॉर्डनने त्यासाठी काहीतरी डबडं लावून दिलं. म्हणजे माझी टाकी आता बिस्मार्कशी बोलते.

मी म्हटलं, मला असल्या पहाऱ्याची गरज नाही. कायला म्हणाली, तुम्हाला नाही आई, मला आहे. मी कबूल केलं. तिच्या जिवाला तेवढाच आधार.

१८ जानेवारी, सकाळी सात
फोन वाजला. मला वाटलं हॅटीला काही झालं. कायला होती. विचारत होती, तीन दिवसांत अर्धी टाकी कशी गेली, कुठे गळत तर नाही ना.

मी म्हटलं, थंडी फार पडलीय. ती म्हणाली, नाही पडली, मी तिकडची हवा बघितली. मी म्हटलं, वारा होता. ती म्हणाली, वाराही नव्हता. मी म्हटलं, मग माझ्या हातून खिडकी उघडी राहिली असेल.

मागे हॅटी कुरकुरत होती. मग कायला म्हणाली, "राहू दे उघडी. संपत आली की मी गॉर्डनना कळवीन."

खिडकी बंद होती. इथे कोण वाचतंय म्हणून लिहिते. हीटर बंद केला की ट्रेलर इतका गप्प होतो की मला माझाच श्वास ऐकू येतो आणि तो थांबेल असं वाटून मी मोजत बसते. हीटर चालू असला की त्याचा पंखा घुरघुरतो. डोळे मिटले तर पलीकडच्या कुशीला कुणीतरी घोरतंय असं वाटतं, मग झोप लागते.

त्याला अर्धी टाकी लागते.