बोक्याला लघवी होईना

अण्णा, तुम्ही घरात मांजराला कधी फिरकू दिलं नाही, आणि मी आता धाराशिवच्या फ्लॅटमध्ये बोका पाळलाय. पोरगी शिकायला पुण्याला गेली, तिनं आणलेला तो माझ्याकडंच राहिला. खच्ची केलेला, दिवसभर खिडकीत बसणारा, कोरडं खाऊन खाऊन जाड झालेला. पाण्याला नुसती जीभ लावायचा आणि निघून जायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

यंदाच्या थंडीत एका सकाळी तो वाळूच्या ट्रेमध्ये सारखा बसत होता. कण्हायचा, उठायचा, परत बसायचा. वाळू मात्र कोरडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोट साफ होत नसंल, चमचाभर एरंडेल पाजा." मी बाटली हातात घेतली आणि तुमचा जनावरांचा दवाखाना आठवला. मी दहा वर्षांची आहे, तुम्ही तिथं ड्रेसर, मलमपट्टी करणारे. एक म्हातारा बैल घेऊन आलाय, सांगतोय, "सकाळधरनं थेंब थेंब मुततंय, शेपूट उचलून नुसतं उभं ऱ्हातंय." मी तोंडावर हात धरून हसते. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणता, "हसायचं न्हाय. त्यानं मुताकडं ध्यान दिलं म्हणून बैल वाचंल. तू दिलं असतंस का?"

एरंडेल ठेवून दिलं. बोक्याच्या ओटीपोटाला हात लावला तर मोसंबीएवढं टणक लागलं, आणि तो ओरडला. तुमच्या जावयांनी गाडी काढली, थेट सोलापूर. डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेली लघवी काढली, तांबूस होती. "बोक्याची वाट लई बारीक असते," ते म्हणाले, "बारका खडा अडकला तरी बंद. अजून एक दिवस काढला असता तर हाती लागला नसता." तीन दिवस त्यांनी ठेवून घेतलं.

आता त्याचं खाणं ओलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, वरून थोडं पाणी घातलेलं. पाण्याची भांडी तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब. संध्याकाळी त्याला दोरीमागं पळवते, वजन उतरलंय. ट्रे दोन वेळा साफ करते आणि लघवीनं वाळूची झालेली ढेकळं किती, केवढी, ते बघते. तुमचे जावई हसतात. मी बघते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, वहीतच राहील. पण एक तुम्हालाच सांगते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आज सकाळपासून." खरं तर आदल्या दुपारीच मी त्याला तसं बसलेलं पाहिलं होतं. घरात पाव्हणे होते, त्यांच्यादेखत वाळू उकरून बघायची मला लाज वाटली.