आमच्या गल्लीतून जिनिव्हाला एक

४ मार्च
वेबसाइटची नावं सांभाळणारी एक जागतिक संस्था आहे, असं आज कळलं. तिला नियम करण्याआधी सामान्य वापरकर्त्याचं मत हवंय. निवडलेल्या प्रत्येक वस्तीतून एक प्रतिनिधी जूनमध्ये जिनिव्हाला नेणार. विमानाने. जावातल्या आमच्या सालातिगा गावात सामान्य वापरकर्त्याला माझ्याइतकं कोण ओळखतं? अख्खी गल्ली माझ्याच दुकानातलं वायफाय वापरते.

५ मार्च
'सामान्य वापरकर्ता मंच' स्थापन. अध्यक्ष मी, पाक विग्न्यो; मानाचं 'पाक' गल्लीनेच लावलेलं. बाकी कार्यकारिणीही तूर्त मीच. बायकोला, लास्त्रीला, सचिव हो म्हटलं. म्हणाली, आधी राउटर बघा, संध्याकाळपासून मेलाय. तिला जागतिक दृष्टी नाही.
संकल्प: रोज वीस इंग्रजी शब्द. जिनिव्हाच्या थंडीची सवय म्हणून पहाटे गार पाण्याने अंघोळ.

६ मार्च
अंघोळ गरम पाण्याने. थंडीची सवय थंडीत गेल्यावरच नीट लागते.

१५ मार्च
मंचाची पहिली सभा, गल्लीच्या मांडवात. तुफान गर्दी. कोंबडी-भाताचे डबे होते, पण तो योगायोग.
संस्थेचाच प्रश्न विचारला. वेबसाइटच्या मालकाचा पत्ता सगळ्यांना दिसावा का? सगळे म्हणाले, हो, पाक विग्न्यो. मग झाकून ठेवावा का? सगळे म्हणाले, हो, पाक विग्न्यो.
आम्हां जावाच्या लोकांचं हे असं. तोंडावर नाही म्हणून कुणाला दुखवायचं नाही. त्या 'हो'तलं 'नाही' ओळखायला कान लागतात. मला आहेत. अहवालात लिहिलं: दोन्ही बाजूंना शंभर टक्के पाठिंबा.
खोट काढली ती फक्त बू तुमिनीने, म्हणजे तुमिनीबाईने. ही कोपऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या विकते. हाँगकाँगात बरीच वर्षं घरकाम करून आली आणि तिथे वळण बिघडलं. मनात येईल ते बोलते. म्हणाली, पाक, मालकाचा पत्ता राहू दे, संध्याकाळी तुमचं नेट कुठे जातं ते सांगा. हा विषय धोरणाच्या पातळीवरचा नाही, असं प्रेमाने समजावलं.

२ एप्रिल
संस्थेचं उत्तर. आमचा अहवाल त्यांना 'असामान्य' वाटला. म्हटलं नव्हतं?
२६ तारखेला ऑनलाइन सभा. इन्ग्रिड नावाच्या बाई जिनिव्हाहून प्रतिनिधीची निवड करणार. गल्लीचे प्रमुख पाक मुर्योनो माझं नाव सुचवतील. ते त्यांना मीच सुचवलं.

१९ एप्रिल
जाड कोट घेतला. इंग्रजी शब्द आजवर अकरा. त्यातले नऊ आधीच येत होते, म्हणजे पाया भक्कम आहे.

२६ एप्रिल
शांतपणे लिहितो आहे.
पाक मुर्योनोंनी ठरल्याप्रमाणे माझं नाव सुचवलं. मी रीतीप्रमाणे नाही म्हणालो. छे छे, माझी कसली लायकी, केवढी मोठी माणसं बसलीत इथे. घरंदाज माणूस दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला मान तुकवतो. आमच्याकडे चहासुद्धा असाच घेतात. पडद्यावर भाषांतराची अक्षरं उमटली. इन्ग्रिडबाई म्हणाल्या, तुमच्या निर्णयाचा मला आदर आहे. मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो. बाईंचा आदर आणखी वाढला. मी पाक मुर्योनोंकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्यांनी तेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी पुढे केली.
बाईंनी विचारलं, आणखी कुणाची तयारी आहे? सगळे आपापल्या पायांकडे बघत आग्रहाची वाट पाहू लागले. तुमिनी ब्लाउजला हात पुसत म्हणाली, मी जाते की.
आढेवेढे नाहीत, काही नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. नाही कोण म्हणणार?

२८ एप्रिल
बाईंना मेल केला, की माझा नकार हा होकार होता. उत्तर: नकार म्हणजे नकार, हे आमचं धोरण आहे आणि ते सामान्य वापरकर्त्यांना विचारूनच ठरलं आहे.
संकल्प: तुमिनीला पडद्याआडून मार्गदर्शन.

२९ एप्रिल
तुमिनी म्हणाली, मार्गदर्शन ठेवा, कोट द्या. दिला.

११ जून
मांडवात तुमिनीचं भाषण थेट जिनिव्हाहून. म्हणाली, पत्ता दाखवायचा की झाकायचा ते तुम्ही शिकलेले ठरवा. आमच्या गल्लीत नेट चालवणाऱ्याला काही विचारावं तर तो सभा घेतो. अख्खं सभागृह उभं राहिलं. तेवढ्यात चित्र थिजलं.
सगळी गल्ली वळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, बिघाड जिनिव्हाकडचाच असणार. सगळे म्हणाले, हो, पाक.
हे 'हो' मला नीट ऐकू आलं.

३० जून
तुमिनी परतली. संस्थेने आमची गल्ली नमुना वस्ती म्हणून निवडली आहे. यश शेवटी मंचाचंच. मंच मात्र बरखास्त, त्याच्या जागी गल्लीची नेट समिती. नियमांचा मसुदा माझ्याच दुकानाच्या शटरवर चिकटवलाय. न सांगता नेट बंद करायचं नाही. मर्जी फिरली की पासवर्ड फिरवायचा नाही. नेट चालवणाऱ्याला समितीत जागा नाही. त्याने हरकत कळवावी, इतर कुठल्याही सामान्य माणसासारखी.

६ जुलै
हरकत लिहिली. मुद्देसूद, चौदा पानी. नेट बंद असल्यामुळे हाती नेऊन दिली. तुमिनी भाज्या कालवत होती. म्हणाली, ठेवा तिथे, पाक.

९ जुलै
समितीचं उत्तर आलं. आपण वेळ काढून मत दिलंत, आभारी आहोत. मताची नोंद घेतली आहे. नियम पाच तारखेलाच मंजूर झाले.