मामा ऑनलाइन दिसतात

तीर्थरूप शिवप्पा मामांना, चाकूर मुक्कामी, अहमदपूरहून जावई अमरनाथचे शरणार्थ.

हाताचं दुखणं कमी झालं का, बोटं वळतात का, डाव्या हातानं जेवण जमतंय का, हे सगळं विचारायचं आहे. पण विचारायला तोंड उरलेलं नाही, म्हणून कागद घेतला. (फोन केला तर सुकन्या उचलते, माझा आवाज ऐकते आणि ठेवून देते. तेरा दिवस हेच चाललंय.) इकडचं विचाराल तर मी बरा आहे, म्हणजे भात रोज करपतो, पण पोटात जातो. धक्का मात्र अजून उतरलेला नाही. त्या दिवशी आपल्या दाराला कुलूप बघून छातीत जे धस्स झालं, ते अजून तिथंच बसलंय.

झालं कसं ते एकदा सविस्तर सांगतो, कारण सुकन्यानं सांगितलेल्यात माझी बाजू नसणार. मी इथल्या इंटरनेट कंपनीत तक्रारी घेतो, हे आपल्याला माहीतच आहे. आमचा सर्व्हर नांदेडला आहे. गिऱ्हाइकांच्या घरातला वायफायचा प्रत्येक डबा त्याला आपली हालहवाल कळवतो: मी चालू आहे, माझं नाव अमुक, पासवर्ड तमुक, घरातले इतके फोन जोडलेले आहेत. सर्व्हर ते सगळं जपून ठेवतो आणि मी इथं खुर्चीवर बसून वाचतो. खोटं कशाला बोलू, त्याचा मला जरा माजच आला होता. (आपल्या गल्लीतल्या एका मास्तरांच्या घरी अकरा फोन जोडलेले आहेत, हे मला त्यांच्या बायकोच्या आधी कळलं.) त्यामुळे सुकन्या जेव्हा म्हणाली, "अप्पाचा फोन लागंना, जाऊन येऊ का?" तेव्हा मी जागचा हललो नाही. आपल्या डब्याचं पान उघडलं. हिरवा ठिपका, खाली आपला फोन जोडलेला. म्हटलं, "घरीच हायत की. हे बघ."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवसापासून मी पदरचं घालायला लागलो: आज अप्पा फोनवर भक्तीची वचनं ऐकत असतील, आज तुरीच्या फवारणीचा व्हिडिओ बघत असतील. मग फोन का लागत नाही, असं ती विचारायची. त्यावर आपण रुसून तिचा नंबर ब्लॉक केला असेल, असं मी सांगितलं. (माफी असावी. रुसायचं कारणही मीच शोधून दिलं: नागपंचमीला तिला माहेरी पाठवलं नव्हतं ना, ते अप्पांनी मनात धरलं असेल.) ती बिचारी त्यावर रडली, आणि मी तिची समजूत काढली. कसली समजूत, मामा! आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दहाव्या दिवशी नांदेडहून नागसेन आला. हा आमचा खरा इंजिनियर. मी त्याला मोठ्या कौतुकानं आपलं पान दाखवलं, सासऱ्यांची काळजी घ्यावी तर अशी, म्हणून. त्यानं ठिपक्याकडे बघितलंच नाही, खालच्या कोपऱ्यात बघितलं. म्हणाला, "अमरनाथराव, हे आजचं न्हाई. डब्यानं शेवटचं जे सांगितलं ते हाय. तारीख बघा की." राखाडी, मुंगीएवढी अक्षरं. तारीख नऊ दिवसांपूर्वीची, वेळ संध्याकाळी पाच. डबा गप्प झाला तरी पानावर जुनंच सगळं हिरवंगार राहतं, हे तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं (आणि मी विचारलं नव्हतं). आत्ताचं हवं असेल तर डब्यालाच नव्यानं विचारावं लागतं, त्याचं शेजारी वेगळं बटण आहे. मी ते प्रिंट काढायचं समजत होतो. नागसेननं ते दाबलं. आम्ही दोघं बघत बसलो. डबा काही बोलला नाही.

पुढचं आपल्यासमोरच घडलं, पण माझ्या आतलं आपल्याला दिसलं नसेल. सुकन्याला गाडीवर घेऊन तडक चाकूर गाठलं. कुलूप बघून ती पायरीवर बसली आणि बंद दाराकडे तोंड करून "अप्पा" म्हणून हाक मारली. मला खरंच वाटलं, मामा, आपण गेलात. तेवढ्यात समोरच्या गुणाबाईंच्या अंगणातून आपला आवाज आला, "कोन हाय? सुकी का?" खांद्यापर्यंत प्लास्टर आणि डाव्या हातात धपाटं! माझ्या जिवात जीव आला. पण आपण हकीकत सांगायला लागलात तसा तो पुन्हा गेला. ढग गरजले की आधी डब्याची पिन काढायची, हा हुकूम माझाच. रेंज चांगली मिळावी म्हणून डबा पत्र्याजवळ उंच ठोकला, तोही मीच. आपण स्टुलावर चढलात, पिन निघाली, तिच्याबरोबर आपणही खाली आलात आणि फोन अंगाखाली चिरडला. लेकीचा नंबर त्या फोनमध्येच होता. "म्या गुणाबाईला म्हनलो, दोन दिवसांत येईल पोरगी," असं आपण हसत हसत म्हणालात. त्यानंतर सुकन्यानं माझ्याकडे बघितलेलं नाही. तिनं कपड्यांची पिशवीसुद्धा आणली नव्हती, तरी ती राहिली.

तिला परत पाठवा, असं मी म्हणत नाही. हात बरा होईपर्यंत तिनं राहावंच. सर्व्हरवर घरच्यांचं पान उघडायचं मी शपथेवर सोडलं आहे.

आपला,
अमरनाथ

ता. क. शपथ जुन्या पानापुरतीच समजावी. आज सकाळी बटण दाबून डब्याला विचारलं, तेव्हा त्यानं उत्तर दिलं. सुकन्याचा फोन जोडलेला आहे. ती जेवते का, हसते का, माझं नाव काढते का, हे मात्र तो सांगत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो. नागसेन म्हणाला, चार दिवसांनी मिळेल, तोवर हेही शिळं होईल. म्हणून स्वतःच घेऊन आलोय. हे गुणाबाईंच्या ओट्यावर बसून लिहितोय. पत्र त्याच समोर आपल्या घरात आणून देतील. डब्याची नवी फळीही आणली आहे, कमरेइतक्या उंचीवर ठोकतो. तिला परत पाठवा असं म्हणत नाही म्हणालो, ते खोटं आहे. पण आज तेवढंही नको. मला फक्त आत बोलवा.